नवं खायच्या आधी

जव्हार
२१ सप्टेंबर २०२५

मंजू,

मंगळूच्या जीपमधून हे पत्र आणि तुझ्या आईसाठी गुडघ्यांना लावायचं तेल पाठवते आहे. बाटली तिच्या हातात दे आणि लावेपर्यंत समोर उभी राहा, नाहीतर ती फळीवर ठेवून विसरेल आणि पुढच्या वेळी मला सांगेल, "लावलं, पण गुण नाय." फोनच केला असता. पण तुमच्या सूर्यमाळला फोन लागायचा तर तू टेकाडावर चढलेली हवीस, आणि लागला तरी तू "हं" आणि "बरं" याच्या पुढे सरकत नाहीस. जन्मभर शाळेत मुक्या पोरांना बोलतं केलं, आणि घरचीच भाची मला भारी पडली.

तुझा दादा, आपला देवानंद गेला त्याला आता पावसाळा उलटला. मी रडून घेतलं. तुझी आई अजून रडते. तुला मात्र मी रडताना पाहिलंच नाही. घाटातल्या अपघातानंतर त्याला घरी आणला तेव्हासुद्धा तू आलेल्या माणसांना चहा देत होतीस आणि कोणाला बिनसाखरेचा लागतो हे तुझ्या लक्षात होतं. तेव्हा मी म्हटलं, पोर धीराची आहे. आता मला त्याच धीराची भीती वाटते.

मंगळू मला म्हणाला, "मॅडम, तुमची भाची दिवसभर ओट्यावर बसून हातातल्या डबीशी बोलते. मराठी नाय, आपली बोली नाय, हिंदी पन नाय. भगताला दाखवा." मी म्हटलं, भगत कुठं पळून जात नाही, आधी मी विचारते. तर विचारते. काय चाललंय तुझं? चार ओळी तरी लिही. शुद्धलेखनाच्या चुका काढणार नाही, निदान पहिल्या पत्रात.

तुझी
पुष्पाआत्या


सूर्यमाळ
२९ सप्टेंबर

पुष्पाआत्या,

तेल आईच्या हातात दिलं. तिनं फळीवर ठेवलं.

ती डबी म्हणजे गेम आहे. भिवंडीच्या गोदामात जपानहून जुना माल येतो. पंखे, भांडी, सायकली, खेळणी. तिथं बायामाणसं निवडायला बसतात. हा गेम कोणी घेईना, कारण आत सगळं जपानी. म्हणून दोन वर्षांपूर्वी तो माझ्याकडे आला. मागे एका जपानी मुलाच्या नावाचं स्टिकर आहे, युता. तो आता मोठा झाला असेल. सोलर दिव्याच्या प्लेटवर गेम चार्ज होतो. ऊन असलं की चालतो.

त्यात डोंगरातलं एक गाव आहे. आपण एक माणूस असतो आणि आपल्याला एक पडीक शेत मिळतं. पेरायच्या आधी राब भाजत नाहीत, बाकी सगळं आपल्यासारखंच. पेरायचं, रोपं उपटायची, आवणी करायची, तण बेणायचं. लहान मुलांसाठी केलेला आहे म्हणून अक्षरं सोपी आहेत. मोखाड्याला बाजाराला गेले तेव्हा रेंज होती, तेव्हा अक्षरांचा तक्ता मोबाइलवर उतरवून घेतला. अर्थ मात्र कोणी सांगितले नाहीत. विहिरीपाशी गेलं की एक शब्द येतो, मिझु. हंडा रिकामा असला की येतं, "मिझु गा नाइ." पाणी नाही. ते लोक आपल्यासारखंच "नाय" म्हणतात. हे वाक्य मी सगळ्यात आधी शिकले. सूर्यमाळच्या माणसाला ते शिकवावं लागत नाही.

चुकलं तर कोणी ओरडत नाही. रोप मरतं, मग दुसरं लावायचं. शब्दांचंही तसंच. गावात एक म्हातारी आहे, ती सगळ्यात जास्त बोलते. आपण चुकीचं बटण दाबलं की ती पुन्हा पहिल्यापासून सांगते, न कंटाळता. मी तिच्यामागून मोठ्यानं म्हणते. मंगळूनं तेच ऐकलं असेल.

रडू येत नाही, आत्या. काहीच येत नाही. दुखत पण नाही. पाय खूप वेळ दुमडून बसलं की तो आपला नसल्यासारखा होतो ना, तसं. गेममध्ये पुढचं काहीतरी करायला असतं, एवढंच. भगताकडे नको.

मंजुषा


जव्हार
१० ऑक्टोबर

मंजू,

पत्र दोनदा वाचलं. चुका काढणार नाही म्हटलं होतं, म्हणून काढल्या नाहीत.

"गेम" वाचल्यावर आधी माझं डोकंच तडकलं. शाळेत पोरांच्या दप्तरातून असल्या डब्या काढून घेण्यात माझी निम्मी नोकरी गेली. पण रात्रभर विचार केला तेव्हा लक्षात आलं, ही पोर मास्तराशिवाय, पुस्तकाशिवाय, एका म्हातारीच्या तोंडून एक परकी भाषा शिकते आहे. मला इंग्रजी शिकवायला तीन मास्तर थकले आणि अजून मी बँकेत सही मराठीतच करते. तेव्हा राग गिळला.

आता नीट वाच. इथं जव्हारला एका संस्थेनं वर्ग काढला आहे. जपानमध्ये म्हातारी माणसं फार आणि त्यांचं करायला हात कमी, म्हणून मुलींना भाषा आणि काम शिकवून तिकडे पाठवतात. एकोणतीस तारखेला मुलाखती आहेत. तुझं नाव मी देऊन टाकलं आहे. तुला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू "बरं" म्हणाली असतीस आणि आली नसतीस. मंगळूला सांगून ठेवलं आहे, तो तुला जीपमध्ये बसवूनच निघेल. चांगला ड्रेस घाल. केसांना तेल लाव. आईची बाटली फळीवर आहेच, पण ती नको, तिला कापराचा वास येतो.

पुष्पाआत्या


जव्हार
२ नोव्हेंबर

मंजू बाय,

चार दिवस झाले तरी माझं समाधान ओसरत नाही, म्हणून लिहायला बसले.

काय बोलत होतीस गं तू! मला ओ की ठो कळलं नाही, पण मुलाखत घेणाऱ्या त्या मॅडमच्या तोंडाकडे मी बघत होते. आधी तिचे डोळे मोठे झाले, मग तिनं ओढणी तोंडाला लावली आणि हसतच सुटली. मला वाटलं, संपलं, पोरीनं काहीतरी भलतंच म्हटलं. तर मला म्हणते कशी, "ही तिकडच्या खेड्यातल्या नव्वदीच्या आजीसारखी बोलते. आता तिथल्या तरुण पोरींनाही असं बोलता येत नाही." म्हणजे गेममधली तुझी म्हातारी बोलली! बाकीच्या पोरी पाठ करून आल्या होत्या, नाव काय, गाव काय. तू मात्र पाऊस, चिखल, गुडघेदुखी सगळं बोललीस म्हणे. मग मॅडमनं तुला घरचं काहीतरी विचारलं असावं, कारण तिचा आवाज मऊ झाला. तू मान खाली घालून पटापट उत्तरं दिलीस. माझी छाती भरून आली. तुझा बाप असता तर त्याला म्हटलं असतं, बघ, पोरीला शिकवून काय होणार म्हणत होतास.

तुझी निवड झाली आहे. वर्ग जानेवारीत सुरू. राहायचं माझ्याकडे.

एक गोष्ट लागली मनाला. शिरपामाळला मुद्दाम तुला फिरायला नेलं, गरम भजी घेतली, तू एक उचललीस आणि ती हातात धरून बसलीस. मी म्हटलं, खा. तू खाल्लीस. "कशी आहे" विचारलं तर "तेलकट" म्हणालीस. एवढंच.

भात झोडून झालं की नवं कधी करताय, पितरांना नव्या भाताचं पान कधी मांडताय, ते कळव. या वर्षी पितरांमध्ये सगळ्यांच्या आधी देवानंदला हाक मारायची आहे. मी आल्याशिवाय नव्याचा घास कोणी तोंडात घालायचा नाही, आईला सांग.

पुष्पाआत्या


सूर्यमाळ
१२ नोव्हेंबर

पुष्पाआत्या,

भात घरी आलं. यंदा बरं आहे. आईचं बरं आहे.

गेम अडकला आहे. तिथंही भात पिकलं. म्हातारी वाटी हातात देते आणि म्हणते, नवा भात आहे, खा. दोन बटणं येतात. ताबेरु म्हणजे खाते. मादा म्हणजे अजून नाही. हिंदीत मादाचा अर्थ वेगळा, हसू नको. मी मादा दाबते. पण खाल्ल्याशिवाय पुढचा दिवस उगवत नाही, तसाच केला आहे गेम. मी वाटी घेऊन सगळं गाव हिंडले. घरामागे पाहिलं, देवळामागे पाहिलं. पितरांना घालायला कुठं जागाच केलेली नाही. आधी त्यांना न घालता लोक नवं कसं खातात कळत नाही. शेवटी बांधावर एक दगड होता, तिथं ठेवली. जरा वेळानं परत जाऊन पाहिलं तर वाटी नव्हती.

मंजुषा


जव्हार
२० नोव्हेंबर

मंजू,

मी रुसले आहे. हे पत्र आईलाही वाचून दाखव.

मंगळू सांगत होता, पोती घरात येऊन पडली त्याला कितीतरी दिवस झाले, पाड्यात सगळ्यांचं नवं खाऊन झालं. आणि मला निरोप नाही! लग्न करून गेले म्हणून मी परकी झाले का? देवानंदचं पहिलं नवं, आणि मला मंगळूच्या तोंडून कळावं? वर्षभर तुमच्या गुडघ्यांची, केसांची, मुलाखतींची काळजी करायला मी, आणि पान मांडायच्या वेळी मात्र आत्या आठवत नाही. "भात घरी आलं, बरं आहे" म्हणून लिहितेस. तुमचं ते बरं तुम्हालाच लखलाभ.

तुझ्या गेममधली वाटी कोणीतरी खाल्ली, असं दिसतं. बरं झालं. निदान तिकडच्या पितरांना तू विसरली नाहीस.

पुष्पाआत्या


सूर्यमाळ
२७ नोव्हेंबर

आत्या,

रुसू नकोस. नवं केलेलंच नाही.

पोती तशीच आहेत. आई रेशनच्या तांदळाची पेज पिते. तीही एकवेळ. कमूकाकी तिच्या घरचा नवा भात वाटीत घेऊन आली होती, आईनं हात लावला नाही. तुला लिहू नको असं आईनं सांगितलं नव्हतं, मीच लिहिलं नाही.

हाक मला मारायची आहे. बाबा गेल्यापासून मागच्या दारात उभं राहून सगळ्या पितरांना हाक मारायचं काम घरात एकाच माणसाचं होतं. आता मीच उरले. आईनं पोटच्या पोराला हाक मारायची नसते. मारली तर तो उंबऱ्यापाशी अडकून राहतो, धड इकडे ना तिकडे. तुला हे माहीतच आहे. दिवाळीनंतर आईनं एकदा नवा भात शिजवला, पळसाचं पान मांडलं. मी दारात उभी राहिले. तोंड उघडलं. नाव बाहेर येईना. घशात काही दाटलं वगैरे नव्हतं, नुसतंच येईना. आईनं तो भात ओढ्यात सोडून दिला.

तो महिना महिना भिवंडीलाच असायचा. घरात नसणं हे त्याचं नेहमीचंच होतं. हाक मारली नाही तर तो अजून भिवंडीलाच आहे. हाक मारली की तो येऊन त्या पानापाशी बाबांच्या शेजारी बसला. मग तो परत कामाला जायचा नाही.

आणखी एक सांगायचं आहे. त्या मॅडमनी मला विचारलं, घरी कोण असतं. मी म्हटलं, आई आणि दादा. दादा काय करतो? भिवंडीला गोदामात कामाला आहे. दिवाळीला आला होता का? आला होता. माझ्यासाठी काय आणलं तेही सांगितलं मी. तू शेजारी बसून हसत होतीस. तुला कळत नव्हतं. मला खोटं बोलताना काही वाटलं नाही. जपानीत बोललं की काहीच जड जात नाही. बहुतेक म्हणूनच शिकले.

वाटी कोणी खाल्ली नाही, आत्या. जमिनीवर ठेवलेली वस्तू गेम पुसून टाकतो. मी दुसरं काहीतरी ठेवून पाहिलं, तेही गेलं.

आई वाळली आहे. परवा विहिरीवर हंडा उचलताना खाली बसली ती उठेना. काकीनं आणि मी धरून आणलं. मी म्हटलं, तू तरी खा. तर म्हणाली, "पोऱ्या उपाशी हाय. मी कशी खाऊ?" मला तिच्यासाठीही काही वाटत नाही. वाटायला पाहिजे हे कळतं.

मंजुषा


जव्हार
२ डिसेंबर

मंजू,

तुझं पत्र वाचल्यावर रुसवा कुठल्या कुठे गेला. मी बाजूला बसून हसत होते, हे सारखं डोळ्यांसमोर येतं. त्या मॅडमला मी काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. ते तुझं तू बघ.

पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, पोरी. तो भिवंडीला नाही. मी त्याच्या अंगावर माती टाकली आहे, तूही टाकली आहेस. आणि इकडे तुझी आई जिवंतपणी वाळून चालली आहे. एकाला धरून ठेवताना दुसरी हातातून जाईल.

येत्या रविवारी मी येते. हाक मी मारेन. लग्न झालेलीची हाक माहेरच्या पितरांना लागत नाही म्हणतात. म्हणू देत. तो माझ्या मांडीवर शी-शू करून मोठा झाला आहे, माझा आवाज त्याला ओळखू येईल. आईला सांग, सकाळी भात शिजवून ठेव. तू नुसती शेजारी उभी राहा. तेही नाही जमलं तर चुलीपाशी बस. तुझ्यावर रागावलेली नाही.

पुष्पाआत्या


सूर्यमाळ
९ डिसेंबर

पुष्पाआत्या,

मंगळूचा निरोप काल मिळाला. मोखाड्यातच जीपचा पाटा तुटला आणि तू दुपारपर्यंत स्टँडवर बसून शेवटी परत गेलीस. स्वतःला बोल लावून घेऊ नको.

आम्हाला रविवारी यातलं काही माहीत नव्हतं. आम्ही वाट पाहत होतो. आईनं सकाळीच भात शिजवला होता, उडदाचं वरण, भोपळ्याची भाजी. घरभर नव्या भाताचा वास होता. मागच्या दाराशी पान मांडलं होतं. जीपचा आवाज येईना. दुपार झाली, भात निवून गेला. कमूकाकी आली होती, ती म्हणाली, "आथां कोन येत नाय. झाकून ठेवा, दुसऱ्या दिशी करा."

आई उठली. मला वाटलं, झाकायला उठली. ती मागच्या दारात गेली, चौकट धरून उभी राहिली आणि तिनं मोठा श्वास घेतला. तेव्हा मला कळलं, ती हाक मारणार आहे. तिनं मारली तर तो उंबऱ्यापाशीच अडकेल हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मला जमत नाही म्हणून ती ते स्वतःवर घेणार होती.

मी चुलीपाशी बसले होते. कशी उठले ते आठवत नाही. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. तिचे ओठ हाताला लागले, सुकून खरखरीत झालेले. आणि मी हाक मारली. देवानंद. पहिल्यांदा आवाज घोगरा आला, माझा मलाच ऐकू आला. दुसऱ्यांदा खाली ओढ्यापर्यंत गेला असेल. देवानंद, जेवाला ये. तिसऱ्यांदा मी ओरडलेच, काकी म्हणाली सगळ्या पाड्यानं ऐकलं. आई माझ्या हाताखाली रडत होती. हात ओला झाला तरी मी काढला नाही, न जाणो तिनं मारली तर.

पानापाशी काही हललं नाही. थोड्या वेळानं पाड्यातली एक कुत्री आली आणि पान चाटून स्वच्छ करू लागली. मी हाकलायला निघाले तर आई म्हणाली, "आला. जेवू दे त्याला."

मग आम्ही बसलो. आईनं दोनदा भात घेतला. आत्या, मला किती भूक लागली होती ते मला माहीतच नव्हतं. थंड भात होता तरी मी खातच सुटले, वरण सांडलं, हात थांबेना. लाज वाटली. आणि तोंडात घास असतानाच रडू आलं, एवढं की गिळता येईना. मला वाटलं आई जवळ घेईल. ती पाण्याचा तांब्या पुढे सरकवून म्हणाली, "आधी खा. मंग रड." मी तसंच केलं. कालही रडले, आजही. आता दुखतं. खूप दुखतं, आत्या. छातीत हाड मोडल्यासारखं.

वर्गाला मी येईन. त्या मॅडमना खरं सांगायचं आहे, त्यांच्याच भाषेत सांगायचं आहे. पण त्यासाठी लागणारा शब्द मला येत नाही. गेममधल्या त्या गावात कोणी मरतच नाही, म्हातारीसुद्धा नाही. म्हणून जानेवारीत पहिल्या दिवशी मी त्यांना आधी तेच विचारणार आहे, माझा भाऊ देवानंद मेला हे जपानीत कसं म्हणतात.

मंजुषा